काढून ठेवलेलं

भवानी पेठ, सोलापूर
२३ जानेवारी १९७४

सौ. अक्कास,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की प्रॅक्टिकलला दिलेला बेडूक मेलेला होता. ते बरोबर नाही. सरांनी सुईनं त्याचा मेंदू निकामी केला होता, पायाला चिमटा घेतला तरी तो पाय ओढून घेत नव्हता, पण छाती उघडली तेव्हा हृदय चालू होतं. ते चालू असायलाच हवं होतं, कारण त्याचीच नोंद घ्यायची होती. हृदयाच्या टोकाला बारीक आकडा लावतात, आकड्याला दोरा, दोऱ्याला एक काडी, आणि काडीचं टोक काजळी धरलेल्या कागदावर टेकवतात. कागद गोल फिरतो आणि काळ्यावर पांढरी रेघ वरखाली जात राहते. मी तुला फक्त रेघेबद्दल लिहिलं. दुकानातला किडाही न मारणाऱ्या अप्पांची मुलगी चालत्या हृदयाला आकडा लावते, हे माझं मलाच माझ्या अक्षरात वाचायचं नव्हतं.

टायफॉईडनंतर चौथीपर्यंत मला शाळेत घातलं नाही, तेव्हा तूच माझी शाळा होतीस. दुकानातल्या शाळूतले सोंडे तू भिंगाखाली धरायचीस आणि पाय मोजायला लावायचीस. मी घाईनं आठ म्हटलं की विचारायचीस, "दिसले का वाटले?" बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षालाही मला अजून त्याच प्रश्नाची भीती वाटते. म्हणून ही दुरुस्ती.

दुसरी दुरुस्ती. मागच्या पत्रावर मी तुला नुसतं 'अक्का' लिहिलं होतं, 'सौ.' लिहायचं टाळलं होतं. तू लग्न करून गेलीस ते चार वर्षांपूर्वी. आमच्या घरात ते लग्न झालेलं नाही, पण तुझ्या घरात झालेलं आहे.

तुझा पत्ता मला शमीमच्या मामांकडून मिळाला. तेही कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात आहेत, भाऊजींना ओळखतात. शमीम प्रॅक्टिकलला माझी जोडीदार. बेडूक धरायची वेळ आली आणि मी मागं सरले तर म्हणाली, "कायकू डरती गे? इससे बुरा नवरा मिलेगा, उसको भी धरनाच पडता." सगळ्या टेबलांवरच्या मुली हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता आकडा नीट लागला.

एक गोष्ट मात्र तुलाच सांगते. आकडा लावण्याआधी मी गळ्यातली करडिगी आतल्या इष्टलिंगासकट काढून कंपासपेटीत ठेवते. न्हातानासुद्धा आपण इष्टलिंग अंगावेगळं करत नाही, हे मला माहीत आहे. पण पदराआड ते माझ्या छातीशी असतं आणि समोर ती दुसरी उघडी छाती. इतकं जवळ नको वाटतं. काम झालं की हात धुऊन परत घालते. हे मी दर वेळी करते. बरोबर करते का?

उत्तर लिहिलंस तर शमीमच्या घरच्या पत्त्यावर लिही.

तुझी,
दाक्षी


११ फेब्रुवारी १९७४

सौ. अक्कास,

घरी कळलं. कसं ते क्रमानं लिहिते.

शनिवारी प्रॅक्टिकल लांबलं. शेवटी सगळ्यांनी एकदम सामान आवरलं आणि माझी कंपासपेटी टेबलाच्या खणात राहिली. घरी येऊन पाय धुताना हात गळ्याशी गेला. परत धावले, तर लॅबला कुलूप.

इष्टलिंग हातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घालायचं नाही, म्हणून मी पोट दुखतंय म्हणून सांगितलं. अव्वानं ओव्याची पुरचुंडी आणली, मी ती मुठीत धरून पडून राहिले. संध्याकाळी ती ताट घेऊन आली. "ऊटा माडवा दाक्षी, दोन घास तरी." मी भिंतीकडे तोंड केलं. रविवारी सकाळी ती अप्पांना म्हणाली, "पोर पाणीबी घेईना, डॉक्टरला दाखवा." अप्पा खोलीच्या दारात आले आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. पोटाबद्दल काही विचारलं नाही.

"गळ्यातलं कुटं हाय?"

मी सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली आणि म्हणाले, "चल. तुझ्या सरांचं घर दाव."

देशिंगकर सर बनियनवर बाहेर आले. "काय दाक्षायणी, रविवारी?"

अप्पांनी हात जोडले. "पोरीचं इष्टलिंग तुमच्या लॅबोरेटरीत ऱ्हायलंय, सर."

"मग उद्या मिळेल की. कुलूप आहे, कुठं जातंय?"

"तसं न्हवं. ते गळ्यात आल्याबिगर तिला पाणी पिता येत न्हाय. काल दुपारपास्नं कोरडी हाय."

सर आत जाऊन सदरा घालून किल्ल्या घेऊन आले. वाटेत मला हळूच म्हणाले, "अगं, कालच माझ्याकडे यायचं नाही का? मी काय राक्षस आहे?"

अक्का, अप्पा आमच्या लॅबमध्ये उभे आहेत हे दृश्य मी कधी कल्पनेतही आणलं नव्हतं. धोतर, कोट, कपाळावर विभूती, आणि चारी बाजूंना बाटल्यांतले साप, मासे, शेळीचं न जन्मलेलं पिल्लू. मी खणातून करडिगी काढून गळ्यात घातली. ते भिंतीपाशी थांबले होते. तिथं माझाच कागद वाळत लावलेला होता, काजळीवर पांढरी रेघ.

"हे काय? मोडी हाय काय?"

"बेडकाचं हृदय, अप्पा. तसं ते चालत होतं."

त्यांनी बोट कागदाला न लावता रेघेवरून नेलं. जिथं ती सरळ झाली होती तिथं थांबले. "हितं बंद पडलं?"

"होय."

"तवा तुझ्या गळ्यात हे न्हवतं."

"म्हणूनच काढलं होतं. विटाळ नको म्हणून."

"विटाळ?" आता आवाज चढला. सर दाराकडे सरकले. "आपल्यात विटाळ कुटला? जन्माचा न्हाय, मरणाचा न्हाय. बेडकाचा कुटनं आणलास? नीट ऐक. ज्या कामाला हे काढून ठेवावं लागतंय, ते काम करायचं न्हाय. करायचंच असंल तर हे गळ्यात ठिवून करायचं. मधलं काय न्हाय. काढून ठेवलं म्हंजे मान दिला असं वाटतंय तुमाला!"

'तुमाला' म्हणाले. तिथं त्यांची मुलगी मी एकटीच होते.

सरांनी माठातलं पाणी दिलं. मी आधी पूजा व्हायला हवी म्हटलं, तर अप्पा म्हणाले, "घरी चल."

दाक्षी


४ मार्च १९७४

सौ. अक्कास,

आज गळ्यात ठेवून केलं.

काय झालं ते लिहायचं तर काही झालं नाही. पदर खोचलेला होता, वाकले की करडिगी पुढं लोंबत होती आणि मला डाव्या हातानं ती छातीशी धरावी लागत होती, म्हणून शमीमनं चिमटा धरला. म्हणाली, "आज तेरे दो दिल दिखते गे, एक तेरा, एक इसका." तिला करडिगीबद्दल फारसं माहीत नाही.

पण काम वेगळं झालं. आधी मी काढून ठेवायचे तेव्हा वाटायचं की इथं जे चाललंय ते मी करत नाही, कॉलेज करतंय. आज मीच करत होते. जेवढं लागतं तेवढंच कापलं. हृदय लवकर सुकू नये म्हणून मिठाचं पाणी थेंब थेंब सोडत राहिले. रेघ संपल्यावर बेडूक बादलीत टाकण्याआधी क्षणभर थांबले. का थांबले ते माहीत नाही, म्हणून लिहीत नाही.

सर म्हणाले, कोल्हापूरला एम.एस्सी.ला अर्ज कर. साठवलेल्या धान्यातल्या किडींवर तिथं काम करता येईल. सरकारी गोदामांना अशी शिकलेली माणसं लागतात, संशोधन केंद्रांना लागतात, कॉलेजांना तर लागतातच. मी म्हटलं, सर, मला सोंडे लहानपणापासून येतात. ते हसले. मी तुझ्याबद्दल सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. इंटर सायन्सला पहिली आलेली, जिनं मला सोंड्याचे पाय मोजायला शिकवलं, तिचं नाव मी घेतलं नाही.

शमीम म्हणते ती दवाखान्यात रक्त तपासायला जाणार. "दिनभर लोगों का खून पिऊँगी, और क्या."

आणि तू, अक्का? तू कुठवर गेली असतीस?

दाक्षी


२८ मार्च १९७४

सौ. अक्कास,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता फक्त दिसलं तेवढंच लिहिते.

परीक्षेच्या अभ्यासाला मी पहाटे उठते. परवा अप्पा माझ्याही आधी उठलेले होते. देवघराचं दार लोटलेलं होतं, पण पुरतं नाही. ते पूजेला बसले होते. डाव्या तळहातावर इष्टलिंग, उजव्या हातानं पाणी, विभूती, बेलाचं पान. मग त्यांनी स्वतःचं करडिगीत ठेवून गळ्यात घातलं. मी समजले झालं. त्यांनी कोनाड्यातून दुसरी करडिगी काढली.

ती तुझी आहे. झाकणाला चेप आहे. तू जिन्यावरून पडलीस तेव्हाचा.

त्यांनी तुझंही तसंच तळहातावर घेतलं. पाणी, विभूती, बेल. घाई नव्हती. उलट जास्त वेळ लागला. मग पुसून, कापसात गुंडाळून परत कोनाड्यात. उठताना गुडघ्यावर हात टेकून "शिवा शिवा" म्हणाले.

काल मुद्दाम बघितलं. आजही. रोज आहे.

मी अव्वाला विचारलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. "तुला आता दिसलं व्हय? चार वर्सं झाली."

"मग ते तिचं नाव का घेत नाहीत?"

"नाव घेतलं तर रडू येतंय त्यास्नी. रडत्याला पूजा करता येत न्हाय."

अक्का, आम्ही सगळे समजत होतो की तू मानसिंग भाऊजींशी लग्न केलंस, ते मराठे, आपण लिंगायत, म्हणून अप्पा तुटले. मीही तसंच समजत होते. आता वाटतं, राग त्याचा नव्हताच, निदान एवढा नव्हता. राग ते काढून ठेवून गेलीस त्याचा आहे. त्यांना वाटतं तू टाकून गेलीस.

पण तू टाकलं नव्हतंस. तू गेलीस त्या सकाळी मी कोनाडा बघितला होता. करडिगीवर ताजं फूल होतं. टाकणारा माणूस फूल ठेवत नाही. तुला वाटलं, आता आपण जात आहोत त्या घरात मांसाहार होतो, हे बरोबर न्यायला आपण लायक नाही. जसं मला बेडकापाशी वाटलं. आपण दोघींनी मान द्यायचा म्हणून काढून ठेवलं.

दिसलं का वाटलं, असं विचारशील. वाटलं. पण इतकं खात्रीनं मला आजवर काही वाटलेलं नाही. चूक असेल तर एक ओळ लिही.

दाक्षी


१९ मे १९७४

सौ. अक्कास,

रेल्वेचा संप चालू आहे, हे पत्र कधी पोचेल सांगता येत नाही. तरी लिहिते.

एप्रिलमध्ये भाऊजींचं कार्ड शमीमकडे आलं. चार ओळी. 'दाक्षायणीताईस नमस्कार. तुमची पत्रं पोचली. महानंदा वाचते, उत्तराला बसते आणि उठते. मार्चच्या पत्रापासून तिचं जेवणावर मन नाही. मला यातलं कळत नाही, तुम्हाला कळेल. मानसिंग.' मी ते पाठ केलं आणि शमीमच्याच घरी ठेवलं. किती सरळ माणूस आहे. त्यांना सांग, मला कळलं.

भाऊजी कुठं आहेत? इथं ऐकू येतं की संपातल्या लोकांना पकडून नेतात, क्वार्टरं रिकामी करायला लावतात. शमीमच्या मामांचा निरोप नाही.

आणि हे ऐक. काल दुकानात अप्पा पोत्यावर बसले होते, शाळूला ऊन दिलेलं, सोंडे पोत्यातून निघून भिंतीकडे चाललेले. अप्पा कधी औषध घालत नाहीत, ऊन देतात आणि कडुनिंबाचा पाला टाकतात, तुला माहीत आहे. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता एकदम म्हणाले, "कुर्डुवाडीत धरपकड लई झाली म्हणं." तो म्हणाला, "व्हय की. तुमचं कोण हाय काय तिकडं?"

अप्पांनी एक चुकलेला सोंडा बोटावर घेऊन भिंतीला लावला. मग म्हणाले, "हायत."

मी आत तराजूपाशी उभी होते. मला ते दिसलं आणि ऐकूही आलं.

रात्री जेवताना मी कोल्हापूरच्या अर्जाचं सांगितलं. "सोंडे मारायला शिकायला कोल्हापूर?" अप्पा म्हणाले. "आपल्या दुकानात काय कमी हायत?" अव्वा हसली. मी हसले नाही, कारण मला खरं सांगायचं होतं. म्हटलं, अप्पा, मारावे लागतील. ऊन देऊन सगळीकडं भागत नाही, गोदामं मोठी असतात. मी खोटं सांगून जाणार नाही.

त्यांनी भाकरी मोडली. "गळ्यात ठिवून करणार का काढून?"

"ठेवून."

"मग बघू," म्हणाले. 'नको' म्हणाले नाहीत.

दाक्षी


८ जुलै १९७४

सौ. अक्कास,

शमीमच्या मामांचा निरोप आला. भाऊजी सुटले, कामावर परत घेतलं, तुम्ही त्याच क्वार्टरमध्ये आहात. मी तो निरोप घरी मोठ्यानं सांगितला. पहिल्यांदाच. अव्वानं पदर डोळ्याला लावला. अप्पा उठून देवघरात गेले आणि वेळ नसताना बसून राहिले.

मला पहिला वर्ग मिळाला आणि कोल्हापूरला प्रवेशही. मी एस.टी.नं जाईन असं धरून चालले होते, ती सरळ पडते. काल अप्पा बाहेरून आले आणि तिकीट माझ्यापुढं ठेवलं. रेल्वेचं.

"एस.टी.त धक्के लई," म्हणाले. "रेल्वेनं जा. कुर्डुवाडीला उतरून मिरजेची छोटी गाडी धरायची. तितं लई येळ थांबाय लागतंय."

"किती?"

"लई," म्हणाले, आणि चपला काढत बसले. एवढा वेळ कुणाला लागत नाही चपला काढायला.

ते यापेक्षा जास्त बोलणार नाहीत. उरलेलं मला करायचं आहे. जायच्या दिवशी पहाटे ते पूजेला बसतील तेव्हा मी समोर जाऊन बसेन. स्वतःचं करून त्यांनी कोनाड्यातलं काढलं की डावा हात पुढं करेन. ते देतील का, मला माहीत नाही. कालपासून मी स्वतःला दर घटकेला वेगळं उत्तर देते. अंगावेगळं केलेलं दुसऱ्याच्या हातानं पाठवायचं की जिचं तिनं येऊन न्यायचं, याला काही नियम असेल तर तो मला ठाऊक नाही. पण हात पुढं केल्याशिवाय कळणार नाही. दिलं तर ते माझ्या गळ्यातून येईल, माझ्या करडिगीशेजारी. पेटीत नाही.

मी तुला घरी ये म्हणत नाही. भाऊजींना सोड म्हणत नाही, ते असावेत अशीच माझी इच्छा आहे. तुझ्या चुलीवर काय शिजतं ते मी विचारणार नाही. बेडकापाशी जे चाललं ते तुझ्या चुलीपाशी का चालू नये? हे मी अप्पांना विचारलेलं नाही. तू विचार, कधी तरी, समोरासमोर.

पण तुला ते परत नको असेल, असंही असू शकतं. चार वर्षं थोडी नाहीत. तोंडानं 'नको' म्हणायला तुला जड जाईल आणि ते ऐकायला मला. म्हणून असं कर. नको असेल तर त्या दिवशी सकाळी नेहमीसारखी जेव, आणि स्टेशनवर ये. मी विचारेन, "ऊटा आयता?" तू जेवण झालं म्हण. मला कळेल, आणि मी पुढं काही न बोलता तुझ्याबरोबर चहा घेईन, तुला डोळे भरून बघेन आणि छोट्या गाडीत बसेन. करडिगी अप्पांना परत मिळेल. ते रोजचं चालू ठेवतील.

आणि हवं असेल तर काही खाऊ नकोस. पाणीही नको. अप्पांनी हातावर ठेवलं किंवा नाही ठेवलं, मीही उपाशीच असेन. फलाटावर मिरजेच्या गाडीच्या बाजूला नळ आहे असं शमीमचे मामा सांगतात. पूजेला पाणी तिथं मिळेल. बेल मी इथून आणते.

सकाळच्या गाडीनं येते आहे. सोमवार, १५ जुलै.

दाक्षी